सकाळचं वजन

मालवणच्या बाजारात परशुराम शेठच्या भांड्यांच्या दुकानात त्या दिवशी वजनाचा काटा एकच उरला होता, आणि गिऱ्हाइकं मात्र दोन होती.

त्यातली एक अपेक्षा. दुसरा तिच्या आधी दोन मिनिटं येऊन, चप्पल काढून, त्या काट्यावर चक्क उभा होता. उंच, उन्हाने रापलेला, केस विंचरायचे राहून गेलेले. काट्याने एकाहत्तरचा आकडा दाखवला तसा तो स्वतःशीच हसला, उतरला आणि पुन्हा चढला.

या गोष्टीला आता चार वर्षं होऊन गेली. पण अपेक्षाला अजून विचारा, त्याच्या शर्टाची डावी बाही अर्धी दुमडलेली होती आणि उजवी नव्हती, हे ती डोळे मिटून सांगेल. माणसाला काय लक्षात राहावं याचा काही नेम नसतो.

"उतरा," ती म्हणाली. "मला तो घ्यायचाय."

"मी घेतलाय."

"पैसे दिलेत?"

"उभा आहे ना त्याच्यावर."

परशुराम शेठने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हात वर केले. "एकच काटो उरलो आसा. तुमीच काय ता ठरवा."

अपेक्षाने मग जरा नरमाईने सांगितलं, की काटा तिला स्वतःसाठी नको आहे, पेशंटसाठी हवा आहे. त्यावर तो म्हणाला, त्यालाही वडिलांसाठीच हवा आहे. त्यांचं हृदय कमजोर झालंय, पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यातून घरी आणलंय, आणि डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलंय. हे ऐकल्यावर तिने काट्यावरचा हक्क मुकाट्याने सोडला. फक्त तीन वेळा चढून बघा म्हणाली, तिन्ही वेळा एकच आकडा आला तरच घ्या. तो शहाण्या मुलासारखा तीनदा चढला. एकाहत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर.

"तुम्हाला बरंच कळतं हो काट्यातलं," तो चप्पल घालता घालता म्हणाला. "बुधवारी बाबांना घेऊन त्या दवाखान्यात जायचंय. तिथे कुणी बाई पेशंटचा वर्ग घेते. फार कडक आहे म्हणतात... मोठमोठे लोक तिला टरकतात."

"असेल," अपेक्षा म्हणाली, आणि एवढं बोलून बाहेर पडली. रस्ता ओलांडेपर्यंत तिने हसू दाबून धरलं होतं.

बुधवारी तो वडिलांचा हात धरून दवाखान्याच्या मागच्या खोलीत शिरला आणि फळ्यासमोर तिला पाहून उंबऱ्यातच थांबला. त्याचे कान लाल झाले. तिने मात्र ओळख न दाखवता शेवटच्या खुर्च्यांकडे बोट केलं. दाजी परब, मसुरे, वय एकोणसत्तर. सोबत मुलगा पुष्कर, नोकरी पुण्यात, सध्या रजेवर. तिने वहीत नोंद केली.

वर्ग नेहमीसारखाच होता. आठ पेशंट, आठांचीही हृदयं थकलेली. अपेक्षा मूळची सावंतवाडीची, नर्सिंग शिकून मालवणात आलेली, आणि भातशेतीवाल्या माणसांना समजेल असं कसं बोलावं हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. विहिरीवरचा पंप कमजोर झाला की पाणी पुढच्या वाफ्यात पोचत नाही, मागेच तुंबतं, ती सांगायची. तसंच अंगातलं पाणी पायांत तुंबतं, मग पाय सुजतात. छातीत तुंबलं की धाप लागते, उशाला एकाच्या दोन-तीन उशा घ्याव्या लागतात. आणि सूज डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला कळते. म्हणून रोज सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, तर ते मांस नव्हे, पाणी. लगेच फोन करायचा, वाट बघत बसायचं नाही.

"पंप बिघडलो तर दुरुस्त करुचो, नायतर नवो घेवचो," दाजी मागून म्हणाले. "माझ्या झिलाचो धंदोच तो."

पुष्कर पुण्यात पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होता, हे तिला असं कळलं. दाजींना तिने शांतपणे सांगितलं, हा पंप बदलता येत नाही, पण सांभाळून चालवला तर बरीच वर्षं चालतो. मिठावर आली तेव्हा मात्र खोलीत हलकल्लोळ झाला. लोणचं बंद, पापड बंद, खारवलेलं सगळं बंद.

"सुको बांगडो पण?" दाजींचा चेहरा पडला. "मगे जगान करुचा काय?"

सगळे हसले, पुष्करही. अपेक्षाने हसू आवरून पाण्याचं सांगितलं : दिवसाला दीड लिटर, बाटलीने मोजून. चहा, ताक, सोलकढी, शहाळं, सगळं त्यातच धरायचं. शेवटी तिने सर्वांना आपला नंबर दिला. ज्यांची प्रकृती अजून सावरलेली नव्हती, त्यांनी रोज सकाळी सातला वजन कळवायचं, हा तिचाच नियम. डॉक्टर सोलापूरकडचे, ते तिला गमतीने हेडबाई म्हणत.

जाताना पुष्कर रेंगाळला. "पंपाचं उदाहरण तांत्रिकदृष्ट्या थोडं चुकतं," तो म्हणाला.

"पेशंटला समजलं ना?"

"समजलं. मला पण समजलं... तुम्ही दुकानात सांगितलं का नाहीत?"

"कडक बाईने काय सांगायचं?" ती म्हणाली. त्याने मान खाली घातली, पण हसत.

दुसऱ्या दिवशी सात वाजता पहिला फोन आला. "दाजी परब, मसुरे. अठ्ठावन्न किलो दोनशे." एवढंच. तिने लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याने आकड्यानंतर, आज खाडीवर धुकं आहे, हे विनाकारण सांगितलं. पाचव्या दिवशी तिने विनाकारण विचारलं, आज आहे का धुकं? मग ते सुरूच झालं. आकडा अर्ध्या मिनिटाचा, गप्पा सात मिनिटांच्या. बाकीचे सगळे तिला सिस्टर म्हणत. त्याने मात्र तो शब्द एकदाही तोंडातून काढला नाही. मॅडम म्हणाला, अहो म्हणाला, पुढे पुढे काहीच न म्हणता बोलू लागला.

तो सांगायचा, दारच्या आंब्याच्या कलमाला मोहोर आलाय, सकाळी दार उघडलं की वास येतो. ती सांगायची, तिच्या भाड्याच्या खोलीतून समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो. एकदा त्याने फोन खिडकीबाहेर धरला आणि तिला भारद्वाजाचा आवाज ऐकवला. ती चहाचा कप हातात धरून ऐकत राहिली. चहा निवून गेला.

एक गोष्ट मात्र दोघांना सुरुवातीपासून ठाऊक होती. दाजी सावरले की पुष्करला परत जायचं होतं. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा झाली की निघेन, असं त्याने कारखान्यात कळवलं होतं. आता या जत्रेची तारीख काही पंचांगात सापडत नाही. देवीला कौल लावून ती ठरते. ज्या मुलीने कधी देवाकडे काही मागितलं नव्हतं, ती डिसेंबरभर मनातल्या मनात भराडी देवीला विनवत होती, यंदा जरा उशिराची दे. देवीने फेब्रुवारीचा शेवट दिला.

"ठरली," तो फोनवर म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली.

जानेवारीत दाजींचं वजन वाढू लागलं. अठ्ठावन्न आठशे, एकोणसाठ चारशे... रोज थोडं थोडं, पण चढतच. आणि ज्या सकाळी पुष्करने साठ म्हणून सांगितलं, त्या सकाळी अपेक्षाच्या मनात जे आलं त्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटली. तिच्या मनात आलं, म्हणजे आता हा जाणार नाही. क्षणभरच. पण त्या क्षणी तिला बरं वाटलं होतं. एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीत पाणी साठत होतं, आणि तिला बरं वाटलं होतं.

स्वतःचा राग माणूस स्वतःवर काढत नाही, समोरच्यावर काढतो. ती पुष्करवर घसरली. घरात सुकी मासळी शिजत असणार, तुमचं लक्ष नाही, तुम्ही मनाने केव्हाच पुण्याला पोचलात, असं बरंच काही बोलली, आणि रागाच्या भरात प्रमाण मराठी सुटली. "तुका काय पडलेला नाय! तू जातलंस निघान!"

मग तो हळूच म्हणाला, "आज पहिल्यांदा माझ्याशी मालवणीत बोललीस. जरा वेगळ्या कारणाने बोलली असतीस तर बरं वाटलं असतं." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन दाजींनीच केला. आकडा सांगितला, ठेवला. तिसऱ्या दिवशीही तसंच. दरम्यान पायांवर सूज आली, डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली आणि बजावलं, आठवड्यात उतरलं नाही तर पुन्हा भरती. पहिल्या भरतीतून दाजी कसे वाचले ते अपेक्षाने कागदपत्रांत वाचलं होतं. दुसरी त्यांना झेपली नसती. रविवारी सकाळी ती मसुऱ्याच्या एसटीत बसली.

दार पुष्करने उघडलं. तो नुसता बाजूला झाला. आनंदीबाई, त्याची आई, पदराला हात पुसत बाहेर आल्या, आणि अपेक्षाने परवानगी मागून त्यांचं स्वयंपाकघर तपासायला घेतलं. एकेक बरणी उघडली. लोणचं शेजाऱ्यांना देऊन टाकलेलं. सुकी मासळी औषधाला नाही. मीठ मोजून, चमच्याने. पाण्याच्या बाटलीवर पुष्करने तेलरंगाने बारीक रेघा मारलेल्या, आणि प्रत्येक रेघेपुढे वेळ. इतकी काटेकोर बाटली तिने कुठल्याच पेशंटच्या घरी पाहिली नव्हती. तिला आपण फोनवर बोललेलं आठवलं आणि तोंड कुठे लपवावं ते कळेना.

"बस गो बाय, उन्हातान्हात इलंस," आनंदीबाई म्हणाल्या. "पेज जेव आधी."

अकरा वाजले होते. कोकणात अकराला पेज हवीच. नव्या उकड्या तांदळाची, ऊन ऊन, वर खोबऱ्याचा तुकडा. दाजींनी पितळी वाडगा तोंडाला लावला. वर्गात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची अन्नावरची वासनाच गेली होती, आता तोंडाला चव आली होती, एक वाडगा संपवून त्यांनी दुसरा घेतला. अपेक्षाला एसटीच्या धक्क्यांनी भूक लागली होती. तिनेही एक संपवला, आनंदीबाईंनी दुसरा वाढला. सावंतवाडीच्या घरी आईच्या हातची पेज प्यायल्याला तिला महिने झाले होते. तिचे डोळे भरून आले, आणि ती खाली मान घालून पीत राहिली.

दाजींची बाटली बाजूलाच होती, पहिल्या रेघेइतकीसुद्धा खाली गेलेली नव्हती.

"दाजी, सकाळपासून तुम्ही पाणी नाही प्यायलात?"

"पेज जेवलंय मी. तहान लागात कशी?"

अपेक्षाच्या हातातला वाडगा तसाच राहिला. तिने वाडग्यात पाहिलं. मग बाटलीकडे पाहिलं.

"दिवसातून किती वेळा पेज घेता?"

"सकाळी, आणि रातच्याक. दोन दोन वाडगे."

"ती... मोजता?"

तिघांनीही तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हिला ऊन लागलंय की काय. आनंदीबाई समजुतीने म्हणाल्या, "पेज कोण मोजता गो? पेज म्हंजे जेवाण."

तिने दाजींचा रिकामा वाडगा उचलला आणि त्यांच्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. वाडगा काठोकाठ भरला तेव्हा लिटरची बाटली जवळजवळ अर्धी झाली होती. दोन वाडगे सकाळी, दोन रात्री. दाजी दीड लिटर पाणी अगदी प्रामाणिकपणे पीत होते, आणि त्यावर तितकंच पुन्हा, जेवण म्हणून.

आणि चूक कुणाची, तर तिची. डॉक्टर सोलापूरचे, त्यांना पेज ठाऊक नव्हती. पण ती तर पेजेवर वाढलेली! दोन वर्षं दर बुधवारी तिने चहा मोजला, ताक मोजलं, सोलकढी मोजली. पेज तिच्या यादीत कधी आलीच नाही, कारण तिच्याही लेखी पेज म्हणजे जेवण होतं. ती आधी हसली, मग रडली, आणि दाजी घाबरून म्हणाले, पेज बंद केली तरी चालेल पण रडू नको. बंद नाही करायची, तिने डोळे पुसत सांगितलं. दिवसाला एक वाडगा, घट्ट शिजवून, आणि बाटलीतून तेवढं पाणी वजा.

पुष्कर तिला एसटीच्या थांब्यावर सोडायला आला. रस्त्याकडेला काजूंना मोहोर आला होता. ती अर्धा रस्ता शब्द जुळवत चालली.

"मी फोनवर बोलले ते चुकलं," ती म्हणाली. "पण त्याहून वाईट एक आहे. दाजींचं वजन साठ झालं त्या दिवशी... मला क्षणभर बरं वाटलं होतं. तू जाणार नाहीस म्हणून."

बोलून ती थांबली. आता हा माणूस आपलं तोंडही पाहणार नाही, असं तिला वाटलं. तो तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने नजर वळवली.

"माका पण," तो म्हणाला. "आणि माझो तर बापूस तो."

एसटी आली. ती खिडकीशी बसली, तो थांब्यावर उभा राहिला, आणि गाडी वळेपर्यंत दोघेही एकमेकांकडे पाहत होते.

त्यानंतर दोघांनी जे केलं त्याचा तिला आजही अभिमान वाटतो. दोघांनाही ठाऊक होतं, आकडा उतरला की निरोप जवळ येतो. तरी त्याने रोज पेज मोजली आणि तिने रोज आकडा लिहिला. साठ. एकोणसाठ दोनशे. अठ्ठावन्न चारशे. अठ्ठावन्न. जत्रेच्या दिवशी दाजी स्वतःच्या पायांनी, दोनदा बसून, पण कुणाचा हात न धरता देवीसमोर गेले. अपेक्षा त्यांच्या मागे उभी होती. गर्दीत पुष्करची करंगळी तिच्या करंगळीला लागली आणि दर्शन होईपर्यंत तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला.

आता सातचा फोन दाजी करायचे. आकडा ठणठणीत असायचा. तिला आनंद व्हायचा, खरंच व्हायचा... आणि फोन ठेवल्यावर खोलीत समुद्राचा आवाज फार मोठा वाटायचा.

बारा-तेरा दिवस गेले असतील. दाजींचा फोन होऊन गेला, आणि सात वाजून दहा मिनिटांनी पुन्हा वाजला.

"पुष्कर परब, मुक्काम पुणे. सत्तर किलो चारशे."

तिचं हृदय कुठल्याच पंपासारखं चाललं नाही. तिने वही ओढली. "लिहिलं," ती म्हणाली.

तो रोज फोन करू लागला. सत्तर. एकोणसत्तर पाचशे. मेसचं जेवण बरं होतं, प्रकृती ठीक होती, तरी आकडा उतरत होता. होळीच्या आदल्या सकाळी तो म्हणाला, "अडुसष्ट."

"एवढं?"

"वजन वाढलं तर काय करायचं, ते तुझ्या वर्गात शिकलो. कमी झालं तर काय करायचं... ते नाही शिकवलंस."

अपेक्षा खिडकीशी गेली. दोन वर्षं ती लोकांना सांगत होती, लक्षण दिसलं की लगेच बोला, वाट बघत बसू नका.

"थय पेज गावता?" तिने विचारलं.

"नाय."

"मगे हय ये. माझ्याकडे ये. वजन वाढात."

तो पाडव्याला आला. कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत त्याने पंपदुरुस्तीचं छोटं वर्कशॉप काढलं, आणि मे महिन्यात, आंब्याच्या ऐन हंगामात, त्यांचं लग्न झालं. दाजींनी लग्नाच्या जेवणात सोलकढीसुद्धा वाटीने मोजून घेतली आणि सगळ्या मांडवाला त्याचं कारण समजावून सांगितलं.

डॉक्टरांनी दाजींना वर्ष-दीड वर्ष म्हटलं होतं. दाजी जवळजवळ चार वर्षं जगले, आणि तीही नुसती नाही. दर बुधवारी पितळी वाडगा पिशवीत घालून ते अपेक्षाबरोबर वर्गाला यायचे. ती पाण्यावर आली की उठून उभे राहायचे आणि नव्या पेशंटांना विचारायचे, पेज मोजतास? एकही हात वर यायचा नाही. मग ते बाटलीतलं पाणी वाडग्यात ओतून दाखवायचे, आणि सुनेकडे बघून सांगायचे, ह्या माका माझ्या सुनेन शिकवला, पण आधी स्वता पेज जेवल्यावर. गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी, झोपेतच ते गेले. वाडगा आता वर्गातच असतो, फळ्याखाली.

काटा घरी आहे, मसुऱ्याला, ओसरीच्या कोपऱ्यात. खाऱ्या हवेने त्याच्या कडा गंजल्यात. शेजारच्या खिळ्याला वही अडकवलेली, आणि तिच्यातली शेवटची ओळ दाजींच्या थरथरत्या अक्षरातली : सत्तावन्न सहाशे. तीन महिने त्या कोपऱ्याकडे कुणी गेलं नव्हतं. सकाळचे सात वाजले की घरातले सगळेच जरा गप्प व्हायचे.

परवा सकाळी अपेक्षा चुलीशी पेज ढवळत होती. बाहेर कलमाला मोहोर आलाय. सातचे ठोके पडले, आणि ओसरीतून काट्याचा ओळखीचा करकर आवाज आला. तिचा हात थांबला.

"पुष्कर परब, मसुरे," तो बाहेरून म्हणाला. "चौऱ्याहत्तर."

ती ओसरीत आली. तो काट्यावर उभा होता, दाजींची वही हातात धरून. शर्टाची डावी बाही अर्धी दुमडलेली. तिने त्याच्या हातातून वही घेतली, सासऱ्यांच्या ओळीखाली एक ओळ सोडली आणि आकडा लिहिला.

"वाढला," तो म्हणाला. "आता फोन कोणाक करू?"

तिने वही खिळ्याला अडकवली आणि त्याची दुसरी बाही दुमडायला घेतली.

"फोन कित्याक?" ती म्हणाली. "मी हयच आसंय."